दोरीचं खालचं टोक

“आता सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही पटायचं नाही. पटलं, तर माझ्या होडीला मी स्वतःच्या हाताने भोक पाडीन!” टोर्स्टी म्हणाला आणि त्याने सॉसेजवर मोहरीची जाड रेघ ओढली.

“तुझ्या होडीला ते आधीपासूनच आहे,” हिल्का म्हणाली.

सगळे हसले. सौनामधून, म्हणजे वाफेच्या लाकडी खोलीतून, नुकतेच बाहेर आलेले चौघे लाकडी पायऱ्यांवर टॉवेल गुंडाळून बसले होते, आणि चौघांच्याही खांद्यांवरून वाफ निघत होती. ऑगस्टची संध्याकाळ. समोर समुद्र ताटासारखा सपाट, आणि ऊन अजून खडकांवरून उठायचं नाव घेत नव्हतं. हांकोच्या टोकाबाहेर जी शेवटची खडकाळ बेटं आहेत, त्यांतल्या एकावर हिल्काची ही खोपटी आहे. होडी तिची, सौना तिचा, आणि पाणबुड्यांना बुडालेल्या जहाजांवर नेण्याचा धंदाही तिचाच. बाई बोलते कमी. पण बोलली की समोरच्याचं अर्धं कातडं सोलून ठेवते.

तिच्या शेजारी आर्मस. तामिसारीचा बेकरीवाला, अस्वलाएवढा माणूस, मन मात्र लोण्याचं. खालच्या पायरीवर त्याची भाची इंकेरी, पस्तिशीची, हेलसिंकीत पूल बांधणारी. आज ती पहिल्यांदा ‘मीठवाली’ या बुडालेल्या जहाजावर बुडी मारून आली होती आणि तिचे ओठ सौनानंतरही निळसरच होते.

आणि टोर्स्टी. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा हा वाळका म्हातारा म्हणजे त्या किनाऱ्यावरचा नंबर एकचा थापाड्या. शेजाऱ्याचं गजराचं घड्याळ गिळलेला मासा त्याने पकडला होता म्हणे, आणि तो मासा रोज पहाटे बरोबर वेळेवर वाजायचा. एका हिवाळ्यात त्याची शिवी हवेतच गोठली आणि वसंतात नेमकी पाद्रीबाबांसमोर वितळली. लोक ऐकायचे, हसायचे, त्याला बिअर पाजायचे. विश्वास कुणी ठेवायचं नाही, आणि ठेवावा अशी टोर्स्टीचीही अपेक्षा नसायची.

फक्त एका गोष्टीवर सगळ्या किनाऱ्याचा विश्वास होता. मीठवालीवर टोर्स्टीने दोरी धरून ठेवली आणि आर्मसचा जीव वाचवला, ही ती गोष्ट.

नेमकी तेवढीच खोटी होती.

त्या गोष्टीपायी आर्मस दर शनिवारी टोर्स्टीच्या दारात राय धान्याची भाकरी आणून ठेवी. मधे भोक असलेली, गोल, अजून ऊन. इतकी वर्षं झाली, एक शनिवार चुकला नाही. बायको गेल्यावर टोर्स्टीच्या दारात आपण होऊन येणारं दुसरं काही नव्हतं. तो ती भाकरी एकटा बसून खायचा, आणि पहिला घास दर वेळी पाण्याबरोबर उतरवायचा. पण भाकरी नको, असं सांगायचं धाडस त्याला कधी झालं नाही. सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

आताही आर्मसने ग्लास उंचावलाच. “दोरी धरणाऱ्याला!”

“पी बाबा, पी,” टोर्स्टी मोहरीकडे बघत म्हणाला.

“पण काका,” इंकेरी म्हणाली, “या दोरीच्या गोष्टीत न पटण्यासारखं काय आहे? दोरी सुटली, तुम्ही ती धरून उभे राहिलात. चांगलं केलंत. पण घड्याळवाला मासा यापेक्षा भारी होता.”

हे लागलं. गोष्टी सांगणाऱ्या माणसाला खोटारडा म्हणा, चालतं. त्याची गोष्ट सपक आहे म्हणू नका. आणि टोर्स्टीचं खरं दुखणं तिथेच होतं. त्याच्या उभ्या आयुष्यात एकच अशी गोष्ट घडली होती, की जिला तिखटमीठ लावायची गरज नव्हती. आणि तीच त्याला सांगता येत नव्हती. सांगायला गेलं की खोटं उघडं पडणार. वर्षानुवर्षं तो तिच्या कडेकडेने चालत आला होता, पातळ बर्फाच्या कडेने चालावं तसा.

“सपक काय!” तो म्हणाला. “मग ऐकच तू पोरी. आजवर जे सांगितलं नाही ते सांगतो.”

हिल्काने बिअरची बाटली खाली ठेवली.

मीठवाली हे दोन डोलकाठ्यांचं लाकडी जहाज. दूर दक्षिणेतून मीठ घेऊन येताना केव्हातरी बुडालं, त्याला दीडशे-दोनशे वर्षं झाली असतील. आमच्या या समुद्रात लाकूड खाणारा किडा नाही. पाणी थंड, जेमतेम खारट आणि काळोखं. त्यामुळे जहाज तळाशी सरळ उभं आहे. मीठ विरघळून गेलं, पिंपं राहिली. पुढच्या बाजूला नांगराची दोरी बांधायचा जाड खुंट आहे. त्यालाच वर तरंगणाऱ्या हिल्काच्या बोयाची दोरी बांधतात. तीच खाली जायची वाट, तीच वर यायची. त्या काळी खुणेसाठी वर सोडायचे फुगे आमच्या किनाऱ्यावर कुणाकडे नव्हते. दोरी सापडली नाही, तर माणूस उघड्या समुद्रात कुठेतरी वर येणार. वरून धुकं आणि बाहेर मोठ्या जहाजांची वाट.

म्हणून हिल्काचा एक नियम होता, अजूनही आहे. प्रत्येकाचा कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा, त्यावर रंगाने नाव. खाली पोचलं की आपला चिमटा दोरीला लावायचा, मग जहाजावर फिरायला जायचं. वर निघताना आपला काढून न्यायचा. दोरीवर एकही चिमटा उरला नाही, की शेवटच्या माणसाने गाठ सोडायची आणि दोरीसकट वर यायचं.

“त्या दिवशी आम्ही दोघंच,” टोर्स्टी म्हणाला. “हा बेकरीवाला मागच्या खोलीत घुसला. आत ताटं बघायची होती याला.”

“मांडणीत रचून ठेवलेली होती,” आर्मस म्हणाला. “निळ्या काठाची. बोट लागलं आणि गाळ उसळला. हाताएवढ्यावरचं दिसेना. दार सापडायलाच किती वेळ गेला! बाहेर आलो, चाचपडत खुंटापाशी पोचलो, तर खुंटाला गाठच नाही. आणि मग दिवा फिरवला तर हा! खुंटाशी बसलेला, दोरीचं टोक मुठीत. आणि इंकेरी, हातात दस्ताना नव्हता याच्या. उघडा हात! त्या पाण्यात!”

दर वर्षी आर्मस इथे थांबायचा, आणि दर वर्षी त्याचे डोळे भरून यायचे.

“दस्ताना का काढलात काका?” इंकेरीने विचारलं. “पोशाखात पाणी शिरलं असतं.”

“तेव्हा दस्ताने वेगळे असायचे. ओले, पोशाखाला न जोडलेले,” टोर्स्टी म्हणाला. “पकड बसेना, काढला.”

“आणि वर आलास तेव्हा दोन्ही हातांत होते,” हिल्का म्हणाली. “मीच ओढून काढले.”

“घातला परत! आता दस्तान्याची गोष्ट ऐकायची आहे का माझी?”

हिल्काने त्याच्यावरची नजर काढली नाही.

खरं काय घडलं, ते असं.

टोर्स्टी खुंटापाशी आला तेव्हा टाकीतली हवा तोंडाला देणारा रेग्युलेटर कुरकुरत होता. थंडीने तो एकदा उघडा अडकला, की टाकीतली हवा भसाभसा निघून जाते, हे त्याला माहीत होतं. बोटं लाकडासारखी झाली होती. दोरीवर दिवा धरला. एकच चिमटा होता, आणि त्यावर लाल रंगात ‘आर्मस’.

त्याचा स्वतःचा चिमटा तिथे नव्हता.

तो मनात हसलाच. आर्मस हा विसराळू माणूस, मागच्याच महिन्यात तो दुसऱ्याचा चिमटा घेऊन वर गेला होता आणि सौनात सगळ्यांनी त्याची टर उडवली होती. आजही तेच. माझा घेऊन गेला, आपला ठेवून गेला. म्हणजे तो वर आहे आणि शेवटचा मी. हिशेब चोख होता. टोर्स्टीने आर्मसचा चिमटा काढून पट्ट्याला लावला, गाठ सोडली, दोरीचं टोक मोकळं केलं आणि तो वर निघाला.

वर यायचं ते टप्प्याटप्प्याने. शेवटच्या थांब्यावर, पृष्ठभागाच्या जरा खाली, बराच वेळ दोरीला लटकून राहावं लागतं. घाई केली तर रक्त फेसाळतं. मोकळी दोरी त्याच्या हातात सैलपणे डुलत होती. वर हिरवा उजेड, खाली शाई. आर्मस तिथे नव्हता. होडीवर गेला असेल, टोर्स्टीला वाटलं. गार पडलेली बोटं त्याने मांडीवरच्या खिशात खुपसली.

खिशात चिमटा होता.

बाहेर न काढताच तो बोटांनी चाचपला. त्याच्या चिमट्याची एक कड तुटलेली होती. यालाही एक कड तुटलेली.

तो चिमटा त्याने लावलाच नव्हता. खाली पोचल्यावर घाई होती, ताटं बघायची त्यालाही हौस होती.

टाकीत हवा होती. एकदा खाली जाऊन यायला पुरली असती. हे तेव्हाही त्याला कळत होतं, आणि नंतर प्रत्येक शनिवारी कळत राहिलं. दोरी सरळ तिथून खाली गेली होती. अजून फार वाहवली नसती. तोंड खाली करायचं आणि पाय मारायचे, एवढंच.

तो हलला नाही.

रेग्युलेटर कुरकुरतोय, असं त्याने स्वतःला सांगितलं. तो तर केव्हाच कुरकुरायचा थांबला होता.

आणि मग दोरी ताठ झाली.

हिसका बसला नाही. हळूहळू, बेताने; कुणीतरी खालून तिचा झोल आवरून घ्यावा, तशी. डुलणं थांबलं. बोया वर किंचित बुडाला. टोर्स्टीच्या मुठीतली दोरी गाठ मारल्यासारखी घट्ट झाली, आणि तशीच राहिली.

लाटेने अडकली असेल. फळीत गुंतली असेल. टोर्स्टी इंजिनाचा माणूस. त्याने भराभर कारणं लावून पाहिली. गुंतलेली दोरी लाटेबरोबर ओढते आणि सोडते. ही तसं करत नव्हती. बोया वर उचलला गेला की खालून तेवढीच सैल सोडली जाई, खाली आला की तेवढीच घेतली जाई. पोहायला शिकणाऱ्या पोराचा हात धरावा, इतक्या सांभाळून.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पायाखालच्या शाईत एक पिवळा ठिपका दिसला. ठिपका मोठा झाला. दोरी धरून वर येणारा दिवा होता तो.

आर्मस जिवंत होता.

त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण सगळ्यात आधी जे मनात आलं ते हे, की हा मला इथे बघेल. मी आधी निघून आलो, हे याला कळेल. टोर्स्टीने आपला दिवा विझवला. दोरी सोडली. दोन हात बाजूला काळोखात सरकला आणि श्वास रोखून थांबला. आर्मस त्याच्यासमोरून वर गेला, बुडबुड्यांचा ढग सोडत. मग टोर्स्टी गुपचूप त्याच्या खाली शिरला, दोरी धरली आणि दिवा लावला.

आर्मसने खाली वाकून पाहिलं. ‘सगळं ठीक’ म्हणून अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. टोर्स्टीनेही केला.

असा तो शेवटचा माणूस झाला.

तेवढ्यात दोरीला खालून एक झटका आला. एकच.

आमच्याकडे एका झटक्याचा अर्थ, ‘ठीक आहेस ना?’ ज्याला विचारलं त्याने एक झटका परत द्यायचा. टोर्स्टीची मूठ मिटलेलीच राहिली. त्याने खाली पाहिलं नाही. पण झटका दोरीतून वर गेला होता. आर्मसला वाटलं, टोर्स्टीच विचारतोय. त्याने वरून खुशाल एक झटका दिला.

दोरी क्षणभर थरथरली आणि पुन्हा स्थिर झाली.

होडीवर आल्या आल्या आर्मसने त्याला मिठी मारली, टाकीबिकीसकट. “थांबलास! माझ्यासाठी थांबलास रे!” तो रडत होता. टोर्स्टीने तोंड उघडलं. ‘मी नाही,’ एवढेच दोन शब्द होते. जिभेला हाड नसतं म्हणतात. त्या दिवशी होतं. त्याने पट्ट्याचा चिमटा काढून आर्मसच्या हातात दिला. “दोरीवर राहिला होता,” तो म्हणाला. हे खरं होतं. खऱ्याच्या आड लपणं किती सोपं असतं!

वर्षभर तो त्यावर काहीच बोलला नाही. लोक म्हणाले, केवढा विनय. पुढच्या वर्षी तो बोलायला लागला.

“तर आता ऐका,” पायरीवरचा टोर्स्टी म्हणाला. सॉसेज तसंच गार झालं होतं. “आम्ही वर आलो. हिल्काने विचारलं, गाठ सोडलीस ना?”

“विचारलं होतं,” हिल्का म्हणाली.

“सोडली म्हणालो. हिने दोरी ओढायला घेतली. आधी येईना. मग एकदम हलकी झाली आणि आली. मी टोक हातात घेतलं गुंडाळायला.” त्याने आवाज खाली आणला. “गरम होतं.”

“काय?”

“शेवटची वीतभर दोरी. बाकी सगळी बर्फासारखी आणि तेवढीच ऊन. आर्मसच्या भट्टीतून काढल्यासारखी. कुणीतरी मुठीत धरून ठेवलेली असावी आणि आत्ताच सोडलेली असावी, तशी.”

कुणी हसलं नाही. इंकेरीने टॉवेल गळ्याशी ओढून घेतला. आर्मसचा ग्लास अधांतरी राहिला होता.

टोर्स्टीने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्याला अशी शांतता मिळाली नव्हती. घड्याळवाल्या माशाला हशा मिळायचा. ही गोष्ट लोक श्वास रोखून ऐकत होते. आणि हे सगळं खरं होतं! वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं खरं तोंडापर्यंत आलं होतं, आणि त्याची चव त्याला लागली.

“गरम कशी असेल?” इंकेरी हळूच म्हणाली. “तुमचा हात होता म्हणून?”

“माझा हात?” टोर्स्टी म्हणाला. “माझा हात बर्फ झाला होता पोरी. आणि दोरी ताठ कशी होत गेली ते तर तू ऐकलंच नाहीस अजून. सैल डुलत होती. आणि कुणीतरी झोल आवरत आणला. बेताबेताने. लाट वर गेली की सोडायची, खाली आली की घ्यायची. मुठीत कळत होतं मला. कातड्याला कळत होतं, की पलीकडे कुणीतरी धरलंय. शपथ घेतो. मी खाली बघतोय, बघतोय, काही नाही, नुसता काळोख. आणि मग त्या काळोखातून आर्मसचा दिवा वर येताना…”

तो थांबला.

एक समुद्रपक्षी खडकावरून उडाला. हिल्काने डोळे मिटून घेतले, बऱ्याच दिवसांपासून माहीत असलेलं कुणीतरी शेवटी बोलावं, तसे.

“वर येताना?” इंकेरी म्हणाली. “काका, तुम्ही तर खाली होतात ना? खुंटापाशी?”

टोर्स्टीने मोहरीची बाटली उचलली. परत ठेवली. कानांच्या पाळ्यांपासून छातीपर्यंत तो लाल झाला. सौनाची लाली केव्हाच उतरली होती. काहीतरी सुचायला हवं होतं. आजवर सुचत आलं होतं. मासा, शिवी, दस्ताना, सगळं वेळेवर सुचलं होतं. त्याने आर्मसकडे पाहिलं नाही. त्याला आर्मसचे फक्त पाय दिसत होते, पायरीवर ठेवलेले, मोठे, पांढरे, ओले.

“आर्मस,” तो म्हणाला. “आर्मस, ऐक…”

“तू वर होतास,” आर्मस म्हणाला.

आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. भट्टीत भाकऱ्या मोजताना एक कमी भरली, की तो जसा पुन्हा सगळ्या बघायचा, तसा तो टोर्स्टीकडे बघत होता.

“तू वर होतास, टोर्स्टी. तू दोरी धरलीच नव्हतीस.”

टोर्स्टीची मान खाली गेली. ती वर आली नाही.

आर्मसने ग्लास हळूच पायरीवर ठेवला. मग तो टोर्स्टीशी नव्हे, समोरच्या सपाट समुद्राशी बोलल्यासारखा बोलला.

“खुंटाशी दोरी धरून जो बसला होता, निघताना मी त्याला खूण केली होती. अंगठा वर. म्हटलं, तूही चल. तोंड दिसत नव्हतं, गाळ होता. पण मान हलवलेली दिसली मला. येतो म्हणाला तो.”